सहावा आकडा

गेले दोन शनिवार लिहायला बसलोच नाही. रिलीज होतं. रिलीज म्हणजे काय ते आयटीतल्या मंडळींना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटायचं नाही. असो. आज निवांत आहे, दुसरा चहा समोर आहे, आणि या रिलीजमधली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो. सुरुवात जरा तांत्रिक आहे, पण सांभाळून घ्या. पुढे माझा मामा येणार आहे.

आमचं काम अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलांचं. तिकडे पेशंट घरी गेला की त्याच्या फाईलमधल्या प्रत्येक आजाराला एक कोड लावतात, आणि त्या कोडसकट बिल विमा कंपनीकडे जातं. या कोडच्या यादीचं नाव आयसीडी-१०-सीएम. अमेरिकेत ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे आणि तिच्यात सत्तर हजारांच्या आसपास कोड आहेत. फाईल वाचून कोड लावणाऱ्या माणसांना मेडिकल कोडर म्हणतात. यातलं पुष्कळ काम भारतात बसून होतं. मीही कोडरच, पण दुसऱ्या अर्थाने. मी सॉफ्टवेअर लिहितो, ते लोक कोड लावतात. माझ्या आईला हा फरक आजतागायत कळलेला नाही. शेजारच्या काकूंना ती सांगते, "तो डॉक्टरांच्या लाईनमध्येच आहे."

माझ्याकडे असलेला भाग म्हणजे तपासनीस. बिल बाहेर पडण्याआधी कोड पूर्ण आहे का, दोन कोड एकमेकांशी भांडत नाहीत ना, हे बघणारा प्रोग्राम. महिन्यापूर्वी त्यावर एक तिकीट आलं. 'एम६१.२५ मुळे क्लेम परत येतोय. फिक्स करा.' बस्स. आमच्याकडे तिकिटं अशीच येतात, टेलिग्रामसारखी.

यादी उघडून बघितली. एम६१ म्हणजे स्नायूत कॅल्शियम साचणं किंवा चक्क हाड तयार होणं. पुढे बिंदू, आणि त्यानंतरचा आकडा कारण सांगतो. ० म्हणजे मार लागून, १ म्हणजे वाढत जाणारा एक दुर्मीळ आजार, २ म्हणजे अर्धांगामुळे, ३ म्हणजे भाजल्यामुळे. त्याच्या पुढचा आकडा जागा सांगतो. १ खांदा, २ दंड, ५ मांडी, ६ पोटरीकडचा पाय, असं. आणि सहावं अक्षर बाजू सांगतं. १ उजवी, २ डावी, ९ म्हणजे 'अनस्पेसिफाइड', बाजू नमूद नाही. म्हणजे एम६१.२५ हा कोड अर्धवट आहे. एम६१.२५१, २५२ किंवा २५९ असं पूर्ण लिहायला हवं. समोरच्या सिस्टीममधून पाचच अक्षरं येत होती आणि विमा कंपनी बिल परत पाठवत होती.

सोपं काम. मी चार ओळी लिहिल्या. कोड अर्धवट असेल आणि सहावं अक्षर बाजूचं असेल तर मागे ९ चिकटवायचा. एम६१.२५ आला की एम६१.२५९ करून पुढे ढकलायचा. नुसता हाच नाही, अशा शेकडो कोडना तो नियम लागू झाला. टेस्ट हिरव्या झाल्या. चाळीस मिनिटांत तिकीट बंद. त्या दिवशी मी स्वतःवर जाम खूश होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या कोडिंग टीममधल्या ताईंचा फोन. त्या मूळच्या फिजिओथेरपिस्ट. बरेच कोडर असे फिजिओ, फार्मसी, नाहीतर बायोलॉजी करून आलेले असतात. आवाज शांत, पण तो शांतपणा चांगला नव्हता.

"अरे, हा ९ कोणी लिहिला?"

"सिस्टीमने."

"सिस्टीमने फाईल वाचली?"

"नाही हो, फाईल कुठे... कोड अपुरा होता म्हणून पूर्ण केला. ९ म्हणजे माहीत नाही. आपल्याला माहीत नाहीच ना?"

"आपल्याला म्हणजे कोणाला? तुला माहीत नाही. फाईलला माहीत असेल. अनस्पेसिफाइड म्हणजे फाईल वाचली, शोधलं आणि कुठे लिहिलेलं नाही. 'मी शोधलंच नाही' असा त्याचा अर्थ नाही."

मग त्यांनी नाव-गाव काढून टाकलेली ती फाईल स्क्रीनवर उघडली आणि माझी शिकवणी सुरू झाली. ती थोडी सांगतो, कारण मला तरी ती फार रंजक वाटली.

कोडरला स्वतःच्या मनाने निदान करता येत नाही. हे त्यांचं पहिलं कलम. हॉस्पिटलात भरती असलेल्या पेशंटच्या एक्सरे रिपोर्टमध्ये 'मांडीच्या स्नायूत हाड दिसतंय' असं स्वच्छ छापलेलं असलं, तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याची दखल घेऊन लिहिल्याशिवाय कोड लावता येत नाही. स्नायूत हाड आहे आणि पेशंटला पॅराप्लेजिया आहे, या दोन गोष्टी फाईलमध्ये असल्या तरी कोडरने स्वतःचं डॉक्टरी ज्ञान वापरून त्यांची गाठ मारायची नाही. गाठ डॉक्टरच्या शब्दांत तरी हवी, नाहीतर कोडच्या पुस्तकात तरी. नसेल तर डॉक्टरला प्रश्न पाठवायचा. तो प्रश्नही असा हवा की त्यात उत्तर दडलेलं नसेल. 'हे अर्धांगामुळेच आहे ना?' असं विचारायचं नाही. 'या हाडाचं कारण आपल्या मते काय आहे?' असं विचारायचं, पर्याय द्यायचे आणि त्यात 'सांगता येत नाही' हाही ठेवायचा. आपल्या कोर्टातल्या वकिलांनाही साक्षीदाराला असंच बेताने विचारावं लागतं, तसं.

पण बाजूचं तसं नाही. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांत एक सवलत आली आहे. डॉक्टरने उजवं-डावं लिहिलं नसेल, तर बाजूपुरतं नर्स, फिजिओ अशा इतर उपचार करणाऱ्यांच्या नोंदीवरून घेता येतं. दोन नोंदींत विसंगती असेल तर मात्र परत डॉक्टरकडे. म्हणजे निदान डॉक्टरचंच, पण कुठला पाय ते रोज पाय उचलणाऱ्या माणसाकडून घेतलं तरी चालतं. मला हा नियम एकदम शहाणा वाटला.

ताई खाली खाली स्क्रोल करत फिजिओच्या नोंदीपाशी थांबल्या आणि वाचायला लागल्या. उजवा खुबा, साठ अंशांच्या पुढे वाकत नाही. खुर्चीत ताठ बसता येत नाही, पेशंट पुढे घसरतो. माकडहाडापाशी लाली.

"बघ. उजवा. लिहिलंय की माणसाने. तू त्याच्यावर ९ छापलास."

मी काही बोललोच नाही. ९ बद्दल अपराधी वाटत होतं म्हणून नव्हे. मला पुढे घसरणारा माणूस दिसत होता, आणि तो माझा मामा होता.

मे २०१६. पावसाच्या आधी गोठ्यावरचे पत्रे शाकारायला मामा वर चढला आणि पत्र्यासकट खाली आला. डी-१२ मणका. ऑपरेशन झालं, पाठीत रॉड पडले, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तीन आठवड्यांनी मामा घरी आला. मामीने एवढ्यात सगळं शिकून घेतलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, कॅथेटर कसा लावायचा, पाय कसे हलवायचे. गावातला एक फिजिओ आठवड्यातून दोनदा यायचा.

जुलैत मामाची उजवी मांडी सुजली. गरम लागायची. अंगात बारीक ताप. मामाला दुखत काहीच नव्हतं, दुखणार कसं? जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पायात रक्ताची गाठ असेल म्हणून डॉप्लर केला, गाठ नव्हती. एक्सरे काढला, त्यात काही दिसलं नाही. इन्फेक्शन असेल म्हणून अँटिबायोटिक दिलं आणि घरी पाठवलं. सूज हळूहळू उतरली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

आज मला कळतं की हे सगळं जवळजवळ पुस्तकात लिहिल्यासारखं घडत होतं. मज्जारज्जूला इजा झाली की पहिल्या काही महिन्यांत, इजेच्या पातळीच्या खाली, बहुतेक वेळा खुब्याभोवती, स्नायूंमध्ये हाड तयार व्हायला लागतं. नुसता कॅल्शियमचा खडा नाही, रीतसर हाड. त्यात मगजसुद्धा असतो. डॉक्टर त्याला हेटेरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात, म्हणजे भलत्या जागी झालेलं हाड. सुरुवातीला दिसते ती सूज, ऊब आणि ताप, त्यामुळे रक्ताच्या गाठीची किंवा इन्फेक्शनची शंका येते, आणि ती येणं योग्यच असतं, कारण गाठ जिवावर बेतू शकते. सुरुवातीच्या एक्सरेत हाड दिसत नाही, ते दिसायला काही आठवडे जावे लागतात. बोन स्कॅनमध्ये आधी कळतं, रक्तातलं अल्कलाईन फॉस्फेटेज वाढतं. म्हणजे पहिला एक्सरे स्वच्छ होता यात कोणाची चूक नव्हती. पण दुसरा काढायला सांगा, असं कागदावर कुठे लिहिलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर होतं, 'पॅराप्लेजिया. फिजिओ चालू ठेवणे.'

दिवाळीपर्यंत मामाचा उजवा पाय खुब्यात वाकेनासा झाला. फिजिओ म्हणायचा, सांधा आखडलाय. व्हीलचेअरवर बसवलं की मामा पुढे घसरायचा. ताठ बसायला खुबा काटकोनात वाकायला लागतो, तो वाकला नाही की माणूस माकडहाडावर येतो, आणि मग तिथे जखम होते. मामालाही झाली. ती भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्याला बहुतेक वेळ पालथं झोपवून ठेवलं होतं. किराणा दुकान चालवणारा, दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारा माणूस, जमिनीकडे तोंड करून. मी सुट्टीत गेलो की त्याच्या शेजारी जमिनीवर झोपून गप्पा मारायचो, म्हणजे तोंड तरी दिसायचं. एकदा म्हणाला, "आरं, माझं अंग मलाच कुलूप लावतंय." तेव्हा मला तो उगाच काहीतरी बोलतोय असं वाटलं होतं.

२०१७ च्या मध्यावर दुसऱ्या एका कारणासाठी एक्सरे काढला, आणि त्यात उजव्या खुब्याभोवती ढगासारखं पांढरं हाड. रिपोर्टवर तसं छापून आलं होतं. पण पुढच्या कार्डावर परत तेच, 'पॅराप्लेजिया. फिजिओ.' एक्सरेचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गेला. आमच्यापैकी कोणीही तो वाचला नाही. मी इंजिनिअर होणार होतो, इंग्रजी येत होतं, मीही वाचला नाही.

शेवटी त्या वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या एका डॉक्टरांनी पिशवी पालथी केली, सगळे कागद टेबलावर मांडले आणि विचारलं, "सूज पहिल्यांदा कधी आली? महिना सांगा." हे हाड तयार होऊन स्थिरावायला बराच काळ लागतो. ते कच्चं असताना काढलं तर पुन्हा वाढण्याची भीती असते, म्हणून त्यांना तारीख हवी होती. कागदांत तारीख नव्हती. सूज होती की नव्हती, उजवी की डावी, काहीच नव्हतं.

मामी म्हणाली, "थांबा." आणि तिने पिशवीच्या तळातून २०१६ चं कालनिर्णय काढलं. जुलैचं पान. दुधाच्या हिशोबाच्या बाजूला, एकादशीच्या चौकटीत, बारीक अक्षरात, 'उ. मांडी सुजली, गरम.' चार दिवसांनी 'ताप ९९.' ऑगस्टात 'सूज कमी.' सप्टेंबरात 'उ. पाय कमी वाकतो.' डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं, ते जाणार हे आधीच सांगितलेलं होतं. नंतर हाड परत वाढू नये म्हणून काही आठवडे गोळ्या होत्या. खुबा पूर्ण काटकोनात नाही, पण ऐंशी अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीची पाठ जरा मागे कलती करून घेतली, आणि मामा आता दुकानात बसतो. बडबड चालू आहे :)

तर ताईंच्या फोनपर्यंत मला या सगळ्याला एक नाव आहे, क्रमांक आहे, हे माहीतच नव्हतं. मी एम६१.२५ वाचला, त्याचं शीर्षक वाचलं, चाळीस मिनिटांत बंद केला, आणि माझ्या घरात दोन वर्षं मुक्कामाला असलेला आजार मला ओळखू आला नाही.

त्या रात्री या आजाराचा इतिहास वाचत बसलो. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागून पॅराप्लेजिया झालेले सैनिक पॅरिसमध्ये उपचार घेत होते. ऑगस्ता देजरीन-क्लुंपके या डॉक्टर बाईंनी आणि आंद्रे सेलिये यांनी त्यांच्या खुब्या-गुडघ्यांभोवतीची ही हाडं तपासून १९१८ मध्ये त्यावर लिहिलं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ हे कागदावर आहे. आणि कोडच्या यादीत? अमेरिकेत २०१५ पर्यंत चालणाऱ्या जुन्या यादीत मार लागून झालेल्या हाडाला रकाना होता, ऑपरेशननंतर झालेल्याला होता, अर्धांगामुळे झालेल्याला स्वतःचा नव्हता. आणि उजवं-डावंही नव्हतं. म्हणजे कोणीतरी ही जागा मुद्दाम केली. सहाव्या अक्षराची ती जागा म्हणजे 'कुठला पाय?' असा एक प्रश्न आहे. मी तो प्रश्न चार ओळींत मिटवून टाकला होता.

बिलाच्या दृष्टीनेही ते वाईटच होतं म्हणा. उजव्या खुब्याचं ऑपरेशन आणि निदानात बाजू माहीत नाही, असं बिल गेलं की विमा कंपनी विचारणारच. पण बिल एकवेळ दुरुस्त करून परत पाठवता येतं. पुढचा डॉक्टर ती नोंद वाचतो तेव्हा त्याला फक्त ९ दिसतो. बघून न सापडलेला ९ आणि माझ्या प्रोग्रामने छापलेला ९ दिसायला अगदी सारखे. त्यातला कुठला खरा, हे कोणालाच सांगता येत नाही.

सोमवारी जाऊन मी त्या चार ओळी काढल्या. आता कोड अपुरा आला की बिल थांबतं आणि कोडरसमोर फाईलमधल्या नोंदींसकट प्रश्न येतो. उजवी, डावी, की शोधून सापडली नाही. आधीपासून काहीच निवडलेलं नसतं. '९' निवडायचाच तर माणसाने निवडायचा. कधीकधी तो बरोबरही असतो, फाईलमध्ये खरंच नसतं, आणि नियमांनाही ते मान्य आहे. जी बिलं त्या एका दिवसात ९ लागून पुढे गेली होती ती शोधून ताईंच्या टीमकडे परत दिली. रिलीज दोन दिवस लांबलं. मॅनेजरने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "चालू असलेलं फिक्स काढलंस कशाला?" मी म्हणालो, "ते चालत नव्हतं, नुसतं पुढे ढकलत होतं." हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं याचा थोडा अभिमान आहे. अप्रेझलमध्ये काय होतं ते बघू.

गेल्या रविवारी मामीला फोन केला. विचारलं, "मामी, ते २०१६ चं कालनिर्णय आहे का अजून?"

"आहे की. फाईलमध्ये आहे. टाकते होय? का रे बाळा?"

काय सांगणार? म्हटलं, सहज. मग न राहवून विचारलं, तुम्हाला ते लिहून ठेवायला कोणी सांगितलं होतं? म्हणाली, "सांगायचं कोणी? यांना तर पाय कळत नव्हता. मला दिसत होतं. म्हणून लिहिलं."

तुमच्याही घरात कोणाची तरी अशी प्लास्टिकची पिशवी असेल. एखादा रविवार काढून बघा. प्रत्येक रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळी वाचा, त्यातलं काही डिस्चार्ज कार्डावर आलं नसेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा. आणि एका कागदावर लिहून वर ठेवा. काय झालं, कधी झालं, कुठल्या बाजूला. निदान आपल्याला करता येत नाही, करूही नये. पण उजवा की डावा, हे आपल्याला नक्की सांगता येतं.

चहा गार झाला. मामाने दुकानासाठी वजनकाट्याचा हिशोब ठेवणारं 'एखादं सॉफ्टवेअर' मागितलंय, ते बघायचंय. भेटू पुढच्या शनिवारी.